गणिताचा गेम का टोलनाका? पोरांच्या हातात फोन द्यायच्या आधी एवढं करून बघा

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या धाकटीनं चौदा दिवसांत एका गणिताच्या गेमची चाळिसावी लेव्हल गाठली. "मम्मी, मी जिंकलो!" म्हणून घर डोक्यावर घेतलं (आमच्या कोल्हापुरात पोरी पण जिंकलोच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दुरुस्त करायला जाऊ नये). आज्जी पेढे आणायला निघाली. मी मंगळवार पेठेत घरीच शिकवण्या घेते, पहिली ते सातवीची पोरं येतात, त्यामुळं एक खोड लागलीय की वहीवर बघितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. तिला म्हणलं, ३०२ वजा १४७ कर बघू. तिनं झटक्यात लिहिलं २४५. म्हणजे दोनातून सात जात नाहीत तर सातातून दोन घालवले, शून्यातून चार जात नाहीत तर चार तसेच खाली उतरवले, तिनातून एक गेला दोन राहिले. उत्तर १५५ पाहिजे. लेव्हल चाळीस आणि हातच्याच्या वजाबाकीचा पत्ता नाही.

मग दोन दिवस काही न बोलता तिच्या मागं बसून नुसतं बघितलं. गेममध्ये चार पर्याय यायचे, ही एक दाबायची, लाल झाला की दुसरा दाबायची, हिरवा होईपर्यंत. चुकलं तर काही जात नव्हतं, फक्त अर्धा सेकंद उशीर. चाळीस लेव्हल तिनं अशा बोटानं पार केल्या होत्या. त्यानंतर मी स्वतः बरेच गेम टाकून खेळून बघितले, शिकवणीतल्या पोरांवर वापरून बघितले, काही काढून टाकले, काही अजून वापरते. गेम वाईटच असं माझं म्हणणं नाही, काही तर मला लहानपणी मिळायला पाहिजे होते असे आहेत. पण निवडायचे कसे आणि खेळवायचे कसे ते क्रमानं सांगते.

पायरी १: आधी वही, मग फोन

"गणितासाठी चांगला गेम सांगा मॅडम" असं पालक विचारतात तेव्हा मी उलटं विचारते, गणितातलं काय अडलंय? बहुतेकांना सांगता येत नाही. "गणितच कच्चं आहे" म्हणतात. दवाखान्यात जाऊन "अंगच दुखतंय" म्हणल्यासारखं झालं हे.

दहा मिनिटं काढा. दोन हातच्याच्या बेरजा, दोन वजाबाक्या (त्यातली एक मध्ये शून्य असलेली, वर दिलीय तीच घ्या), पाढ्यातले चार आडवेतिडवे प्रश्न, एक भागाकार, एक शाब्दिक उदाहरण, आणि चौथीच्या पुढचं पोरगं असेल तर १/३ मोठा का १/४ मोठा. एवढंच कागदावर द्या. चूक किती झाल्या ते मोजू नका, चूक कशी झाली ते बघा. माझा भाचा सहावीत आहे, तो ठामपणे १/४ मोठा म्हणाला कारण चार तिनापेक्षा मोठे. त्याला पाढ्यांचा गेम देऊन काय उपयोग, पाढे त्याचे तोंडपाठ होते. त्याला अपूर्णांक डोळ्यानं दिसायला पाहिजे होता.

पायरी २: प्ले स्टोअरचं पान वाचा, चित्रं बघू नका

हे पटकन होतं. इन्स्टॉलच्या आसपास बारीक अक्षरात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, जाहिराती आहेत का आणि ॲपच्या आत खरेदी आहे का. दोन्ही असतील आणि पोरगं आठ वर्षांच्या आतलं असेल तर मी पुढं जातच नाही. मग खाली डेटा सेफ्टी म्हणून भाग असतो तिथं ॲप काय काय माहिती गोळा करतंय ते बघा, बेरजा शिकवणाऱ्या ॲपला तुमचं लोकेशन कशाला लागतंय? रिव्ह्यू वाचताना एक स्टारवाले आधी वाचा, पाच स्टारवाले बऱ्याचदा पहिल्याच दिवशी दिलेले असतात.

पायरी ३: पहिली पंधरा मिनिटं तुम्ही खेळा

ही पायरी चुकवू नका, बाकी सगळ्या चुकल्या तरी चालतील. खेळताना एकच प्रश्न डोक्यात ठेवायचा: यातलं गणित काढून त्या जागी स्पेलिंग घातलं तर गेम तसाच राहतो का?

टोल काय असतो ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, आख्खं शहर रस्त्यावर उतरलं होतं त्यासाठी. बरेचसे गणिताचे गेम म्हणजे टोलनाके आहेत. ड्रॅगन पळतोय, गाडी पळतेय, मधेच आडवा बांबू येतो, "७ × ८ किती?", उत्तर द्या, बांबू वर, पळा पुढं. पोराला ओढ ड्रॅगनची, गणित म्हणजे खिशातनं काढून द्यायचे पैसे. टोल देताना कोण मनापासून देतंय? जितक्या लवकर सुटेल तितकं बरं, मग बोट अंदाजपंचे चालतं.

दुसऱ्या जातीच्या गेममध्ये गणित हाच खेळ असतो. इंग्लंडमधल्या जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ या दोघांनी यावर एक प्रयोग केला, २०११ मध्ये तो छापून आला. झॉम्बी डिव्हिजन नावाचा गेम होता, सांगाड्यांच्या छातीवर आकडा, आणि प्रत्येक हत्यार म्हणजे एक भाजक, त्या आकड्याला निःशेष भाग जाईल असं हत्यार मारलं तरच सांगाडा पडणार. त्याचाच दुसरा अवतार केला ज्यात मारामारी बिनगणिताची आणि भागाकाराचे प्रश्न लेव्हल संपल्यावर, म्हणजे आपला टोलनाका. सारखा वेळ खेळून पहिल्या प्रकारातली पोरं जास्त शिकली. आणि मोकळीक दिली तेव्हा पोरांनी त्या प्रकाराला जवळजवळ सातपट वेळ दिला. मला यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली, कारण आपण समजतो गणित लपवलं तरच पोरं खेळतील.

खेळताना अजून तीन गोष्टी बघा. चुकल्यावर काय होतं: नुसतं लाल होतं का चूक कुठं झाली ते दाखवतंय? उत्तर टाइप करायचंय का पर्यायातनं निवडायचंय? (चार पर्याय असतील तर डोळे झाकून दाबलं तरी २० मधले सरासरी ५ बरोबर येणारच, आणि परत दाबायला मिळत असेल तर विसच्या वीस.) आणि घड्याळ बंद करता येतं का? घड्याळाचं आमच्याकडं दोन्ही बाजूंनी दिसतं. ज्याला पाढे येतात त्याला वेळ लावून मजा येते, वेग वाढतो, खरंच वाढतो. पण शिकवणीत एक पोरगी आहे, कागदावर दहापैकी नऊ बरोबर काढणारी, घड्याळ दिसलं की हात थरथरतात तिचे आणि मग सहा सत्ते किती तेही आठवत नाही.

मग वापरू काय?

मी जे स्वतः वापरते तेवढंच सांगते. छोट्यांसाठी खान अकॅडमी किड्स, २०१८ ला आलं, दोन ते आठ वर्षांसाठी, फुकट आहे, जाहिरात नाही, आत काही विकत नाहीत. इंग्रजीत बोलतंय सगळं, त्यामुळं मराठी माध्यमाच्या पोरांजवळ सुरुवातीला बसावं लागतं.

अपूर्णांकासाठी फेट (इंग्रजीत PhET). अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. याला गेमपेक्षा खेळणं म्हणा, ब्राउझरमध्येच उघडतं, फुकट, आणि यातली बरीचशी मराठीतही आहेत. भाच्याला यातच बसवला. एका पट्टीचे तीन तुकडे, तेवढ्याच दुसऱ्या पट्टीचे चार तुकडे, एकाखाली एक. दोन मिनिटं गप्प बघत बसला आणि म्हणाला, "मावशी, जास्त जण असले की भाकरी बारकीच येणार की." मी वहीवर आठवडाभर सांगून जे झालं नव्हतं ते त्या दोन पट्ट्यांनी केलं. इथं स्क्रीन खरंच भारी पडतो, तुकडे हलवता येतात, परत जोडता येतात, चुकलं तर खोडरबर लागत नाही आणि कोण हसत नाही. वर्गात हात वर न करणाऱ्या पोरांसाठी तर हे न हसणं लई मोठं आहे.

सहावी सातवीला भूमितीसाठी जिओजेब्रा. २००१ मध्ये मार्कुस होहेनवॉर्टर यांनी सुरू केलेलं, फुकट. त्रिकोण काढायचा, एक कोपरा धरून ओढायचा, तिन्ही कोन बदलत राहतात आणि बेरीज मात्र १८० वरनं हलत नाही. पोरं वेड्यावाकड्या ठिकाणी ओढून त्याला हरवायचा प्रयत्न करतात, करू द्यावा.

पाच वर्षांच्या आतल्या पोराला गेमच लागत नाही असं माझं मत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तर उत्तम असं सांगितलंय, आणि तो तास कार्टूनमध्येच संपतो. त्यापेक्षा फरशीवर खडूनं १ ते १० चौकोन ओळीत काढा आणि सोंगट्या खेळा. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या संशोधकांनी २००८ मध्ये असाच पट घेऊन बालवाडीच्या पोरांबरोबर पंधरावीस मिनिटांची चार सत्रं खेळली, तेवढ्यानं त्या पोरांची आकड्यांची समज वाढली. फक्त एक करायचं, सोंगटी ४ वर असेल आणि दोन पडले तर "एक, दोन" मोजायचं नाही, घराचा आकडा बोलायचा, "पाच, सहा".

पायरी ४: कुलपं लावा

इथं मी स्वतः आपटलेय म्हणून जरा कडकच सांगते. एका गेमनं (नाव घेत नाही) सात दिवस फुकट म्हणून ट्रायल दिली, आमच्या ह्यांच्या फोनवर यूपीआय ऑटोपे चालू केलं, मुलगी दोन दिवसांत कंटाळली, आम्ही ॲप काढून टाकलं आणि विसरलो. नवव्या दिवशी वर्षभराचे पैसे कट. आधी मेसेज आला होता म्हणे, पण तो लोनच्या आणि सेलच्या मेसेजच्या ढिगात गेला. ॲप काढून टाकलं तरी सबस्क्रिप्शन बंद होत नाही हे तेव्हा कळलं. प्ले स्टोअर उघडायचं, कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबायचं, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जायचं आणि तिथनं रद्द करायचं. ट्रायल घ्यायचीच असेल तर घेतल्या घेतल्या रद्द करून टाका, बऱ्याच ठिकाणी सात दिवस तरीही मिळतात. नाहीतर कॅलेंडरवर लिहा, गॅसच्या नंबराशेजारी.

खरेदीला प्रत्येक वेळी पासवर्ड लागेल असं सेटिंग प्ले स्टोअरमध्येच आहे, ते आजच करा. पोराचा वेगळा फोन किंवा टॅब असेल तर गूगलचं फॅमिली लिंक ॲप टाका, त्यातनं वेळ पण लावता येतो. गेम नेटशिवाय चालत असेल तर विमान मोड लावून द्या, जाहिराती आपोआप गप्प. नावाच्या जागी खरं नाव, शाळा, फोटो काही नको, आमच्या धाकटीचं नाव सगळीकडं "तांबडा रस्सा" आहे.

२०२३ च्या डिजिटल डेटाच्या कायद्यात १८ च्या आतल्यांची माहिती घ्यायला आईबापाची पडताळून घेतलेली संमती पाहिजे, आणि पोरांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत असं आहे. चांगलंच आहे, पण वय विचारणाऱ्या खिडकीत बोट आपल्याच पोराचं असतंय आणि त्याला १९९० निवडायला एक सेकंद लागतो.

पायरी ५: पहिला आठवडा शेजारी बसा

पंधरा ते वीस मिनिटं, शेजारी कोरा कागद आणि पेन्सिल. दर तीन-चार प्रश्नांनी विचारायचं, "कसं काढलंस?" बरोबर आलेल्याला पण विचारायचं, नाहीतर पोरं ओळखतात की आई विचारते म्हणजे चुकलंय. सांगता आलं तर पुढं जा, "असंच" म्हणालं तर कागदावर.

आणि पोरांना कमी समजू नका. काही गेम चुकलं की आपोआप सोपे प्रश्न देतात, कल्पना चांगली आहे, प्रत्येकाला झेपेल तेवढं. शिकवणीतला सहावीतला एक हिरो मला समजावून सांगत होता, "मॅडम, सुरुवातीला दोन मुद्दाम चुकवायचे, मग सोप्पी येत्यात आणि कॉइन तेवढेच मिळत्यात." गणित कच्चं म्हणून आईनं पाठवलेलं पोरगं हे, आणि गेमचा हिशोब त्यानं गेम करणाऱ्यांपेक्षा बरोबर मांडला होता.

पायरी ६: गेमचं गणित मराठीत आणा

ही गोष्ट कुठल्याच यादीत मला वाचायला मिळाली नाही आणि आपल्या पोरांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. गेम म्हणतो ट्वेंटी फाइव्ह, म्हणजे आधी वीस मग पाच, लिहितोही तसंच. आपण म्हणतो पंचवीस, पाच आधी. त्रेसष्ट ऐकून पोरं ३६ लिहितात ती यामुळंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "साठ तीन" असं वाचन आलं तेव्हा केवढी टिंगल झाली, गणितज्ज्ञ मंगला नारळीकरांनी त्यामागचं कारण सांगितलं तरी लोकांना विनोदच करायचे होते. मला स्वतःला त्रेसष्ट सोडवत नाही, पण एकोणसत्तर म्हणजे ६९ का ७९ हे ठरवताना अडखळणारं पोरगं रोज समोर बसलेलं असतं, त्यामुळं मी हसले नाही. उपाय साधा आहे, गेममध्ये आकडा आला की तो दोन्ही भाषांत मोठ्यानं म्हणायचा आणि एकदा लिहायचा. सेमीच्या पोरांना तर हे हवंच, कारण शाळेत एटी सेव्हन आणि दुकानात सत्त्याऐंशी.

मग स्वल्पविराम. गेम बहुतेक परदेशी, लाख लिहितात १००,००० असं. आपलं पुस्तक १,००,०००. चौथी-पाचवीच्या पोराला मोठ्या संख्यांचा गेम द्यायच्या आधी हा फरक दाखवून द्या, नाहीतर दशलक्ष आणि मिलियनची खिचडी होते. नाणी आली की डाइम आणि क्वार्टर, लांबी आली की इंच आणि फूट, ते भाग सरळ सोडून द्या. पदावलीत आधी काय सोडवायचं त्या क्रमाला ते पेमडास म्हणतात, आपलं कंचेभागुबेव, नियम एकच आहे पण पोरांना दोन वेगळे वाटतात.

आणि पाव, सव्वा, दीड, अडीच. हे शब्द मला एकाही गेममध्ये भेटले नाहीत. आज्जीला अजून पावकी निमकी (पावाचे, अर्ध्याचे पाढे) येते, पोरांना नाही, मलाही धड नाही. त्यासाठी कपिलतीर्थ मार्केट. धाकटीला पुढं करायची, ढब्बू मिरची साठ रुपये किलो, पाव किलो दे म्हण, पन्नासची नोट दे आणि परत किती ते भाजीवाल्या मावशींच्या आधी सांग. पहिल्यांदा तिनं चार पर्याय कुठंयत असा चेहरा केला होता.

पायरी ७: रविवारी वही

आठवडाभर जे खेळलं त्यातलीच दहा उदाहरणं रविवारी कागदावर, पर्याय नाहीत, पूर्ण मांडणी. त्यात दोन शाब्दिक, कारण गेममध्ये ती फारशी येतच नाहीत आणि परीक्षेत मार्क तिथंच जातात. पायऱ्या लिहिणं, कंपास धरणं, आडव्या रेघेखाली उत्तर मांडणं यातलं काही गेम शिकवत नाही, त्यामुळं गेम खेळला म्हणून वही कमी करायची नाही. तीन रविवार झाले आणि वहीवर काहीच हललं नाही तर गेम काढा, लेव्हल कितीही असू दे. पोरगं रडेल. दुसरा शोधा किंवा शोधू नका.

थांबवताना मिनिटांवर भांडू नका, लेव्हलवर ठरवा. "वीस मिनिटं झाली, बंद" म्हणलं की डावाच्या मधे तोडल्यासारखं होतं आणि रडारड, "ही आणि अजून एक" म्हणलं की निदान आमच्याकडं तरी फोन परत येतो. बहुतेक वेळा.

धाकटीच्या हातच्याच्या वजाबाकीचं काय झालं विचाराल. आधी पाच रुपयांच्या काड्यांचं पाकीट, दहा-दहाचे गठ्ठे बांधून, गठ्ठा सोडायचा म्हणजे दशक सुटा करायचा, दोन दिवस तेच. मग तिला कापरेकरांचा खेळ दिला. द. रा. कापरेकर, देवळालीला शाळेत शिक्षक होते, त्यांनी शोधलेला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारी अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, चढत्या क्रमानं लिहा, मोठ्यातनं लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतंच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. प्रत्येक पायरीला हातचा, चुकला की ६१७४ चुकतं आणि कुठं चुकलं ते स्वतःच शोधावं लागतं.

परवा लाइट बिल शोधत होते, सापडलं तिच्या दप्तरात, मागची बाजू वजाबाक्यांनी भरलेली. आमच्या स्कूटीच्या नंबरावर करून बघितलं होतं तिनं. पाचव्या वेळी आलं.